धडक दुसऱ्याची, दुरुस्तीचा खर्च कोणाचा?

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की परभणी जिल्ह्यातील गंगाखेड, पाथरी, सोनपेठ, पालम या तालुक्यांच्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. मागे दिवा नसलेली, परावर्तक पट्टी नसलेली ट्रॉली रात्रीच्या अंधारात अचानक समोर येते आणि मोटार तिच्यावर आदळते. पाथरी, मानवत, परभणी, वसमत असा नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ असो की जिंतूर आणि गंगाखेडकडे जाणारे रस्ते असोत, अपघात काही चुकत नाहीत. सुदैवाने माणसे बचावली तर सगळेच सुटकेचा निःश्वास टाकतात. मात्र गॅरेजमधून दुरुस्तीचा अंदाज हाती पडला, की खरा प्रश्न उभा राहतो. हे पैसे द्यायचे कोणी?

अपघातात माणूस दगावला किंवा जखमी झाला, तर भरपाई मिळते हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. केवळ वाहनाचे नुकसान झाले, तर मात्र कायदा काय म्हणतो याविषयी सुशिक्षित वाहनधारकही अंधारात असतात. 'गाडीचा विमा आहे ना, मग चिंता कशाची?' हा समज सर्वाधिक महागात पडतो. विमा आहे एवढे पुरेसे नसते. तो कोणत्या प्रकारचा आहे आणि अपघातानंतरच्या पहिल्या काही तासांत वाहनधारकाने काय केले, या दोन गोष्टींवर भरपाईचे सारे गणित अवलंबून असते.

विम्याचे दोन भाग

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविण्यासाठी तृतीय पक्ष विमा, म्हणजेच 'थर्ड पार्टी' विमा सक्तीचा आहे. तो नसल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुसऱ्या वेळी दंड चार हजारांवर जातो. हा विमा दुसऱ्याचे जे नुकसान झाले, त्यासाठी असतो. विमाधारकाच्या वाहनाने दुसऱ्याला इजा केली, दुसऱ्याची मोटार, दुकान किंवा भिंत पाडली, तर ती भरपाई विमा कंपनी देते. त्याच्या स्वतःच्या मोटारीसाठी मात्र या विम्यातून एक रुपयाही मिळत नाही.

स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसाठी 'ओन डॅमेज' हा वेगळा भाग असतो. दोन्ही भाग एकत्र असलेल्या पॉलिसीला 'पॅकेज' किंवा 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' पॉलिसी म्हणतात. ओन डॅमेजची स्वतंत्र पॉलिसी सप्टेंबर २०१९ पासून घेता येते.

येथे नव्या मोटारी घेणाऱ्यांची एक मोठी फसगत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसोबत तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. सोबतचा ओन डॅमेज भाग मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीवर तीन वर्षांची तारीख पाहून मालक निश्चिंत होतो आणि दुसऱ्या वर्षी अपघात झाल्यावर त्याला कळते, की मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण केव्हाच संपले आहे. पॉलिसीवर दोन्ही भागांच्या मुदती वेगवेगळ्या छापलेल्या असतात. त्या आजच काढून पाहाव्यात.

स्वतःच्या विम्यातून किती मिळते?

ओन डॅमेज विमा असेल, तर चूक कोणाची होती हा प्रश्न गौण ठरतो. मोटार स्वतःच्या चुकीने झाडावर आदळली असली, तरी दावा करता येतो. मात्र संपूर्ण बिल मिळेल अशी अपेक्षा करणे चुकीचे ठरते. कंपनी सुट्या भागांवर घसारा कापते. प्लास्टिक, रबर व नायलॉनचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के, फायबर ग्लासच्या भागांवर ३० टक्के अशी ही कपात असते. काचेवर घसारा नसतो. धातूच्या भागांवरील घसारा वाहनाच्या वयानुसार वाढत जातो. पहिल्या सहा महिन्यांत काहीच नाही, एक ते दोन वर्षांच्या वाहनावर १० टक्के, तीन ते चार वर्षांच्या वाहनावर २५ टक्के, पाच ते दहा वर्षांच्या वाहनावर ४० टक्के आणि त्यापुढे ५० टक्के.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, साडेतीन वर्षे जुन्या, १२०० सीसीच्या मोटारीचे दुरुस्तीचे बिल ६४ हजार रुपये झाले. त्यात प्लास्टिकचे भाग १६ हजारांचे, बॉनेट व पत्र्याचे इतर भाग २० हजारांचे, समोरची काच ६ हजारांची, रंगकाम १२ हजारांचे आणि मजुरी १० हजारांची आहे. प्लास्टिकच्या भागांचे ८ हजार, पत्र्याचे १५ हजार आणि काचेचे पूर्ण ६ हजार मिळतील. रंगकामाच्या एकत्रित बिलातील २५ टक्के रक्कम साहित्याची धरून तिच्यावर निम्मा घसारा लावला जातो. म्हणजे दीड हजार वजा होऊन साडेदहा हजार मिळतील. मजुरी पूर्ण मिळेल. ही बेरीज ४९ हजार ५०० रुपये होते. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीसाठी प्रत्येक दाव्यातून सक्तीने वजा होणारे एक हजार रुपये काढले, की ४८ हजार ५०० रुपये उरतात. उर्वरित १५ हजार ५०० रुपये मालकाच्या खिशातून जातात. जादा हप्ता भरून 'झीरो डेप्रिसिएशन' संरक्षण घेतले असेल, तर घसाऱ्याची कपात टळते.

दुरुस्तीचा खर्च मोटारीच्या घोषित विमा मूल्याच्या, म्हणजे 'आयडीव्ही'च्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर वाहन पूर्णतः नष्ट झाल्याचे मानले जाते आणि आयडीव्हीच्या आधारे रक्कम ठरते. हप्ता कमी बसावा म्हणून आयडीव्ही कमी दाखविणाऱ्यांना अशा वेळी फटका बसतो. अपघातग्रस्त मोटार जवळच्या गॅरेजपर्यंत ओढून नेण्याचा खर्चही विमा देतो. प्रमाणित पॉलिसीत खासगी मोटारीसाठी ही मर्यादा १,५०० रुपयांची आहे. पालम किंवा जिंतूरजवळ मोटार बंद पडली आणि ती थेट नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला न्यायची झाली, तर एवढ्या पैशांत भागणार नाही हे उघड आहे.

दावा घेतला, की 'नो क्लेम बोनस' जातो. सलग दावा न करणाऱ्याला ओन डॅमेजच्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पुढे वाढत जाऊन ५० टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. त्यामुळे दोन-चार हजारांच्या किरकोळ खर्चासाठी दावा करण्यापूर्वी सवलतीचा हिशेब मांडलेला बरा.

समोरच्याची चूक असेल तर

ज्याच्याकडे केवळ थर्ड पार्टी विमा आहे, त्याने काय करावे? समोरच्या वाहनचालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाला, तर त्या वाहनाचा मालक, चालक आणि त्याची विमा कंपनी यांच्याकडून भरपाई मागता येते. हे दावे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतात. कलम १६५ मध्ये मृत्यू आणि शारीरिक इजेसोबत तृतीय पक्षाच्या मालमत्तेच्या नुकसानीचाही स्पष्ट उल्लेख आहे, तर कलम १६६ मालमत्तेच्या मालकाला अर्ज करण्याचा अधिकार देते. न्यायाधिकरण केवळ मृत्यूच्या प्रकरणांसाठी असते, हा समज म्हणूनच खरा नाही.

नुकसान दोन हजार रुपयांहून अधिक असेल, तर दावेदाराला न्यायाधिकरणाऐवजी दिवाणी न्यायालयात जाण्याचाही पर्याय आहे. तेथे दाव्याच्या रकमेनुसार न्यायालयीन शुल्क भरावे लागते. त्यामुळे न्यायाधिकरणाचा मार्गच सामान्य वाहनधारकाला अधिक सोयीचा ठरतो. अर्ज अपघात झाला त्या ठिकाणच्या, दावेदार राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील, अथवा प्रतिवादी राहतो तेथील न्यायाधिकरणाकडे करता येतो. परभणीच्या रहिवाशाचा अपघात पुण्याजवळ झाला, तरी त्याला पुण्याच्या खेपा घालण्याचे कारण नाही.

मुदतीचे भान मात्र ठेवावे लागते. १९९४ च्या दुरुस्तीने अर्जाची कालमर्यादा काढून टाकण्यात आली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती पुन्हा आली आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करण्याचे बंधन लागू झाले. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले असून, केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तरीही अंतरिम आदेशाच्या भरवशावर न राहता सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल करणेच श्रेयस्कर.

विमा कंपनी किती देणार, यालाही मर्यादा आहे. १९८८ च्या कायद्यात मालमत्तेच्या नुकसानीपोटी विमा कंपनीची सक्तीची जबाबदारी अवघी सहा हजार रुपये होती. प्रत्यक्षात खासगी मोटारीच्या प्रमाणित पॉलिसीत ही मर्यादा साडेसात लाख रुपये आणि दुचाकीच्या पॉलिसीत एक लाख रुपये ठेवण्यात आली. हप्त्यात किरकोळ सवलत घेऊन ती सहा हजारांपर्यंत कमी करण्याची सोय पॉलिसीत होती. शे-पन्नास रुपये वाचविण्यासाठी असा पर्याय स्वीकारणारा मालक उरलेल्या रकमेसाठी स्वतः जबाबदार राहतो.

न्यायाधिकरणात निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे दावेदारावर असते. दोघांचीही चूक आढळली, तर दावेदाराच्या चुकीच्या प्रमाणात भरपाई घटते. ट्रॉलीला दिवा नव्हता हे खरे असले, तरी मोटार भरधाव होती असे दिसले, तर पूर्ण रक्कम मिळत नाही. दावा मंजूर झाल्यास रकमेवर व्याज देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे.

ओन डॅमेज विम्यातून रक्कम घेतलेल्यालाही हा मार्ग पूर्णपणे बंद होत नाही. एकाच नुकसानीची भरपाई दोनदा घेता येत नाही. परंतु विम्याने न दिलेला खर्च, म्हणजे वरील उदाहरणातील १५ हजार ५०० रुपये, दोषी वाहनाकडून मागता येतो. त्यासाठी विमा कंपनीने कोणती रक्कम दिली आणि कोणती कापली, याचा तपशील जपून ठेवावा लागतो.

ट्रॅक्टर, एसटी आणि पळून गेलेले वाहन

ग्रामीण भागात समोरचे वाहन बहुधा ट्रॅक्टर असते. ट्रॅक्टरचा विमा असला, तरी ट्रॉलीची नोंदणी आणि विमा स्वतंत्र असतो. शेतीसाठी विमा काढलेला ट्रॅक्टर भाड्याने ऊस वाहत असेल, तर त्याची विमा कंपनी जबाबदारी नाकारण्याचा प्रयत्न करते. म्हणून ट्रॅक्टरचा क्रमांक टिपताना ट्रॉलीचाही क्रमांक टिपणे आणि छायाचित्र घेणे आवश्यक आहे.

राज्य परिवहन महामंडळांना स्वतःचा निधी उभारून सक्तीच्या विम्यातून सवलत घेण्याची मुभा कायद्यात आहे. एसटी बसने धडक दिल्यास महामंडळालाच प्रतिवादी करून न्यायाधिकरणात दावा करावा लागतो.

समोरच्या वाहनाचा विमाच नसेल, तर वसुली थेट मालकाकडून करावी लागते आणि ती सोपी नसते. या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महत्त्वाचे निर्देश दिले. विमा नसलेल्या वाहनाने मृत्यू, इजा किंवा मालमत्तेचे नुकसान घडविले असल्यास पुरेशी हमी घेतल्याशिवाय ते सोडू नये आणि हमी न दिल्यास तीन महिन्यांनंतर त्याचा लिलाव व्हावा, असे नियम राज्यांनी करावेत, असे त्यात म्हटले आहे. म्हणूनच अशा वेळी पोलिसांत नोंद होणे अत्यावश्यक ठरते.

धडक देऊन वाहन पसार झाले आणि त्याचा माग लागला नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. मोटारीच्या नुकसानीसाठी या योजनेत काहीही नाही. तेथे स्वतःचा ओन डॅमेज विमा हाच एकमेव आधार उरतो.

रस्त्यावरची तडजोड

अपघातस्थळी गर्दी जमते, दोन्ही बाजूंचे ओळखीचे निघतात आणि पाच-दहा हजार हातावर ठेवून विषय मिटविला जातो. किरकोळ ओरखड्यासाठी हे ठीक आहे. मोठ्या नुकसानीत मात्र ही तडजोड अंगाशी येते. चेसी, इंजिन किंवा एअरबॅगचे नुकसान जागेवर दिसत नाही. मोटार खोलल्यावर ते कळते आणि तोवर समोरचा 'सगळे मिटले' असे लिहून घेऊन गेलेला असतो.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करू नये, पैसे देण्याचे वचन देऊ नये किंवा तडजोड करू नये, अशी अट पॉलिसीत असते. कंपनीने भरपाई दिल्यावर दोषी व्यक्तीकडून ती वसूल करण्याचा अधिकार कंपनीकडे जातो. वाहनधारकाने परस्पर सोडचिठ्ठी लिहून दिली, तर हा अधिकार बुडतो आणि कंपनीला दावा नाकारण्यासाठी आयते कारण मिळते.

दावे का नाकारले जातात?

चालकाकडे वैध परवाना नसणे, मद्यपान करून वाहन चालविणे आणि पॉलिसीची मुदत संपलेली असणे ही नेहमीची कारणे आहेत. विमा एक दिवस जरी खंडित झाला, तरी त्या दिवशीच्या अपघाताची भरपाई मिळत नाही. परवान्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मोठा दिलासा दिला. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेला चालक ७,५०० किलोपर्यंत वजनाचे वाहतूक वाहनही चालवू शकतो, असे त्या निकालाने स्पष्ट झाले.

खासगी मोटारीतून भाडे घेऊन प्रवासी नेणे हेही नकाराचे कारण ठरते. अशाच आक्षेपाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, कंपनीने दावा सरसकट न फेटाळता 'नॉन-स्टँडर्ड' पद्धतीने, म्हणजे कपात करून मंजूर करायला हवा होता, अशी भूमिका घेतली.

जुनी मोटार घेणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. परिवहन कार्यालयात नोंदणी नावावर झाली, तरी ओन डॅमेज विमा आपोआप नावावर होत नाही. खरेदीनंतर १४ दिवसांत पॉलिसी हस्तांतरित करण्यासाठी कंपनीकडे अर्ज करावा लागतो. हे न केल्यास अपघातानंतर जुना मालक मोटारीचा मालक उरलेला नसतो आणि नवा मालक विमाधारक झालेला नसतो. दोघेही रिकाम्या हाताने परततात.

अपघाताची सूचना देण्यास उशीर झाला, म्हणून खरा दावा यांत्रिकपणे फेटाळू नये, असे विमा नियामक प्राधिकरणाने २०११ मध्येच कंपन्यांना बजावले आहे. उशिराचे सबळ कारण असेल, तर ते लेखी द्यावे.

सर्व्हेअरचा अहवाल अंतिम नसतो

दावा नोंदविल्यावर कंपनी सर्व्हेअर नेमते. नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या निर्देशांनुसार सर्व्हेअर २४ तासांत नेमला जावा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवाल मिळाल्यापासून सात दिवसांत कंपनीने निर्णय द्यावा, असे अपेक्षित आहे. सर्व्हेअरने पाहण्यापूर्वी मोटार खोलू नये आणि बदललेले भाग टाकून देऊ नयेत.

सर्व्हेअरने रक्कम कमी धरली, म्हणून अनेकजण गप्प बसतात. त्याचा अहवाल महत्त्वाचा असला, तरी तो अखेरचा शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एका अपघातग्रस्त वाहनाच्या दाव्यात स्पष्ट केले आहे. गॅरेजची बिले, पैसे दिल्याच्या पावत्या आणि छायाचित्रे यांच्या आधारे त्या अहवालाला आव्हान देता येते.

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. परभणी जिल्हा पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येतो. तेथे शुल्क लागत नाही आणि वकिलाचीही गरज नसते. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते.

दुसरा मार्ग परभणीतच उपलब्ध आहे. जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचाकडे, दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. अधिकारक्षेत्र भरलेल्या हप्त्याच्या रकमेवरून ठरत असल्याने खासगी मोटारीची जवळजवळ सर्व प्रकरणे जिल्हा आयोगाकडेच येतात आणि त्यांना शुल्क लागत नाही. न्यायालयात किंवा आयोगात प्रकरण सुरू असताना मात्र लोकपालाकडे जाता येत नाही.

न्यायाधिकरणातील दावे लोकअदालतीत तडजोडीने मिटविण्याचीही सोय आहे. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून आकडा पूर्ण समजून घेतल्यावरच स्वाक्षरी करावी.

पहिल्या काही तासांत काय करावे?

० जखमींना मदत द्यावी. कलम १३४ नुसार ते चालकाचे कर्तव्य आहे. त्याच कलमाने पोलिसांना आणि विमा कंपनीला अपघाताची माहिती देण्याचेही बंधन घातले आहे.

० वाहने हलविण्यापूर्वी त्यांची स्थिती, क्रमांक, ब्रेकच्या खुणा आणि रस्त्याची अवस्था यांची छायाचित्रे घ्यावीत.

० समोरच्या चालकाचे नाव, परवाना, नोंदणी आणि विम्याचा तपशील टिपावा. दोन साक्षीदारांची नावे व दूरध्वनी क्रमांक घ्यावेत.

० पोलीस ठाण्यात नोंद करून तिची प्रत घ्यावी. दुसऱ्याकडून भरपाई मागायची असेल, तर घटनास्थळाचा पंचनामा हा सर्वांत मोलाचा पुरावा ठरतो.

० विमा कंपनीला त्याच दिवशी कळवून दाव्याचा क्रमांक घ्यावा. मोठे नुकसान असल्यास जागेवरच पाहणीची मागणी करावी.

० दुरुस्तीपूर्वी गॅरेजकडून भागनिहाय लेखी अंदाज घ्यावा आणि कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या दावा अर्जावर सही करू नये.

यातील एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत. परंतु त्या न केल्यास हजारो रुपयांचा हक्क पुराव्याअभावी बुडतो.